बोंडअळीची कॅसेट

"मंग? आता काय करता?"

चष्मा कपाळावर, दोन्ही हात पाठीमागे बांधलेले, अन् हा प्रश्न. आमच्या सरांना ज्यांनी पाहिलंय, त्यांना एवढ्यावरूनच ओळख पटेल. लाइट गेली की हाच प्रश्न. एसटी चुकली की हाच. मी पहिल्यांदा परीक्षेत नापास होऊन त्यांच्यासमोर मुळूमुळू रडत उभी राहिले, तेव्हा माणसानं निदान "असू दे" तरी म्हणावं ना! छे. "मंग? आता काय करता?" एरवी मला "पोरी" म्हणणारा माणूस या एका वाक्यात मात्र सगळ्यांना अहो-जाहो करायचा. मला असा संताप आला, की तिथून निघाले ती थेट फेरपरीक्षेचा फॉर्म भरूनच घरी गेले. त्यांना उत्तर तेच हवं होतं, हे कळायला मला पुढची बरीच वर्षं लागली.

मी अकोल्याची. बारावीनंतर अमरावतीला मावशीकडे राहून कॉम्प्युटर शिकले, ते सरांच्या क्लासात. राजापेठेत दोन खोल्या होत्या. एकीत सर कॉम्प्युटर शिकवायचे, दुसरीत काकू, म्हणजे त्यांची बायको, मराठी टायपिंग. काकूंचा नियम एकच: बोटांकडे पाहायचं नाही. पाहिलं की पट्टीचा फटका. सर म्हणायचे, "माह्या खोलीत चुकलं तं मशीन बोंबलते, तिच्या खोलीत चुकलं तं ती." आज अकोल्यात माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिकांपासून अर्जांपर्यंत सगळं करते, ते या दोघांमुळे.

सरांच्या भुयाराच्या खेळाची गोष्ट मात्र क्लास निघायच्याही आधीची. सरांच्या मावसभावानं परदेशातून एक घरगुती कॉम्प्युटर आणला होता, जेमतेम कीबोर्डएवढा. तो टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम साठवायचा साध्या गाण्याच्या कॅसेटवर. कॅसेट लावली की टेपमधून किर्रर्र किर्रर्र आवाज यायचा आणि पाच-सात मिनिटांनी पडद्यावर अक्षरं उमटायची. सरांनी त्यावर एक खेळ लिहिला. चित्रबित्र काही नाही. नुसती वाक्यं, तीही रोमन अक्षरांत वऱ्हाडी. 'बाळापूरचा किल्ला. मांगचा दरवाजा बंद. आता काय करता?' आपण टाइप करायचं: उगवतीकडे जा, दोर घे, दिवा लाव. मशीन सांगणार पुढे काय झालं ते.

सर मूळचे बाळापूरचे. आपल्याकडे किल्ला म्हटला की त्याखाली भुयार असतंच, आणि ते कुठं निघतं हे गावातला प्रत्येक म्हातारा शपथेवर वेगवेगळं सांगतो. सरांचं भुयार अचलपूरला निघायचं. मी एकदा म्हटलं, "सर, शंभर किलोमीटर भुयार? खणलं तरी कोणी?"

"म्या," सर म्हणाले. "सा महिने लागले."

मशीनची मेमरी एवढीशी, म्हणून वाक्यं तोडून तोडून लिहिलेली. 'अंधार. ओल. दोन वाटा.' पुढे सर बोलायलाही तसेच लागले, अशी काकूंची तक्रार होती. "लग्न झालं तवा चांगले लांब लांब बोलत होते," त्या म्हणायच्या.

हा खेळ जगात एकाच माणसानं खेळला. काकूंनी. घरचं आवरलं की टीव्हीसमोर बसायच्या. नवी खोली सापडली की तिचं वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवायच्या आणि कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला नकाशा काढायच्या. एकूण बासष्ट खोल्या. एकसष्ट त्यांनी पार केल्या आणि बासष्टावीत अडकल्या. 'गोल खोली. चहूकडून भिंत. वाट दिसत नाई. आता काय करता?' भिंत ठोकून झाली, फोडून झाली, जमीन खणली, ओरडल्या, देवाचं नावसुद्धा टाइप केलं. मशीन म्हणायचं, 'काई झालं नाई.'

सर म्हणायचे, "सांगणार नाई."

काकू म्हणायच्या, "सांगूच नका."

मग एका उन्हाळ्यात ते मशीनच जळालं, अन् काकू राहिल्या गोल खोलीत. भाजी निवडता निवडता हात थांबवून विचारायच्या, "अवो, म्या छताकडे पायलं होतं का?" सर म्हणायचे, "पायलं होतं." मशीन जळून दहा वर्षं झाल्यावर हे मी स्वतः ऐकलंय. तुम्हीच सांगा, अशी नवरा-बायको पाहिलीत कुठं?

काकूंना साखरेचा आजार. त्यानं आधी एक डोळा गेला, मग दुसरा. शेवटच्या ऑपरेशनची पट्टी काढली त्या दिवशी मी दवाखान्यात होते. डॉक्टर म्हणाले, "बोटं किती सांगा." काकूंनी लगेच "तीन" म्हणून टाकलं. डॉक्टरांनी अजून हात वर केलाच नव्हता.

परत येताना ऑटोत काकू म्हणाल्या, "थे गोल खोलीचं राहूनच गेलं बापा. आता कायचं वाचता येते." घराशी उतरलो. सरांचा चष्मा कपाळावर गेला, हात मागे गेले. "मंग? आता काय करता?" या वेळी ते आम्हाला विचारत नव्हते.

आठवड्यानं मला अकोल्याला फोन आला. "पोरी, भुयार पुन्हा खणायचं हाय. तुले यावं लागते." सरांचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढे. हृदयाचं दुखणं, खिशात गोळ्यांची डबी. मी म्हटलं, "सर, आता झेपेल का हे?" तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यांच्या लेखी माझा प्रश्न संपला होता.

त्यांचा पुण्याचा पुतण्या सुट्टीत आला होता. गुणी माणूस, कॉम्प्युटरच्या खेळांच्याच धंद्यातला. लॅपटॉप उघडून त्यानं काकांना दाखवलं, आता खेळ कसे असतात ते. मशालींचा उजेड हलतोय, वटवाघळं उडतायत, भिंतीवरून पाणी ठिबकतंय. "काका, मी तुमचं भुयार असं करून देतो," तो म्हणाला. सरांनी सगळं कौतुकानं पाहिलं आणि म्हणाले, "लय सुंदर हाय. पण पायणार कोण?" पुतण्या काकूंकडे बघून गोरामोरा झाला. मग त्यानंच काकांना आवाज कसे जोडायचे ते नीट शिकवलं, हेही सांगायला हवं.

कारण नवं भुयार बोलणार होतं. खोलीत शिरलं की वाक्य कानानं ऐकायचं आणि उत्तर टाइप करायचं. टायपिंगला काकूंना डोळे कधीच लागले नव्हते. सरांनी जुन्या टाइपरायटरची अक्षरजुळणी कीबोर्डवर बसवली, तेव्हा काकूंनी बोटं ठेवली, दोन ओळी खटाखट मारल्या अन् मला म्हणाल्या, "पाहून घे, चूक हाय का?" एकही नव्हती. चूक काढायला मिळाली असती तर पट्टीचा जुना हिशोब फिटला असता माझा.

आवाजाचं मात्र अडलं. कॉम्प्युटरचा तयार मराठी आवाज लावला, तर काकू म्हणाल्या, "हे कोण बाई? इले सर्दी झाली का?" मग माझ्यावर आलं. दर रविवारी सकाळच्या गाडीनं अकोल्याहून निघायचं, मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावती. आतल्या खोलीत दारं-खिडक्यांवर रजया टांगायच्या आणि त्या उकाड्यात बसून वाचायचं. मी आपली जीव ओतून वाचायची: "अंधाऽर! ओऽल!" सर हात वर करून थांबवायचे.

"भाव नको टाकू."

"सर, भुयार आहे, थोडं भीतीदायक नको का?"

"भुयाराले काय मालूम थे भुयार हाय म्हणून? सरळ वाच."

काकूंच्या वहीवरून एकेक खोली उभी राहिली. दुपारी सर गिला वडा, म्हणजे दह्यात बुडवलेला वडा, मागवायचे. काकूंना दही तेवढं मिळायचं, वड्यावरून दर वेळी भांडण. तीन महिन्यांत एकसष्ट खोल्या झाल्या. मी म्हटलं, "सर, आता गोल खोलीच्या उत्तराचा कागद द्या."

"सांगणार नाई."

"अहो, मला नाही सांगणार तर मी वाचू काय, कप्पाळ?" माझं डोकंच सरकलं. जाऊन-येऊन चार तासांचा प्रवास, वरून रजया! "काकूंना नका सांगू. मी काय घोडं मारलंय तुमचं?"

सर उठून रजईपाशी गेले. माझ्याकडे पाठ करून, अगदी हळू म्हणाले, "मले आठवून नाई राह्यलं, पोरी."

मला आधी हसूच आलं. मग त्यांचे मागे बांधलेले हात पाहिले अन् ते जिरलं. तीस वर्षांच्या वर हा माणूस "सांगणार नाई, सांगणार नाई" म्हणत राहिला, आणि मधे कधीतरी सांगण्यासारखं जे होतं तेच निसटून गेलं होतं. "तिले सांगजो नको," ते म्हणाले. "ती माह्या भरवशावर हाय."

उत्तर एकाच ठिकाणी होतं, जुन्या कॅसेटवर. कॅसेट घरातच होती, फेकलेली नव्हती, एवढं सरांना पक्कं आठवत होतं. घोळ पुढे होता. काकूंनी चोरून प्रोग्राम पाहू नये म्हणून सरांनी तिच्यावर खेळाचं नाव घातलंच नव्हतं, दुसरंच काहीतरी लिहिलं होतं. काय, ते अर्थातच आठवत नव्हतं. अन् पलंगाखालच्या पेटीत कॅसेटी दीडशेच्या घरात. आता बोला!

पुढचे रविवार आम्ही कॅसेटी ऐकण्यात घालवले. एकेक लावायची, पुढे-मागे करायची, किर्रर्र येते का पाहायचं. भजनं, नाट्यपदं, कुणाच्या तरी साखरपुड्याचा गोंगाट, क्रिकेटची कॉमेंटरी, काकूंच्या आईनं सांगितलेली लोणच्याची कृती. 'कपाशीवरील बोंडअळी, आकाशवाणी भाषण' ही कॅसेट मी तीनदा हातात घेतली आणि तीनदा बाजूला ठेवली. वऱ्हाडात कुणाच्या घरी बोंडअळीवर भाषण निघालं तर त्यात नवल ते काय? बाहेर काकू विचारायच्या, "काय चालू हाय?" सर म्हणायचे, "जुने गाणे ऐकून राह्यलो." पेटी रिकामी व्हायला आली. सर दिवसेंदिवस कमी बोलायला लागले, आणि त्यांच्या बाबतीत कमी बोलणं म्हणजे काय, ते तुम्ही समजू शकता.

एका रविवारी काकू भिंतीला हात लावत लावत दारात आल्या. रजई बाजूला केली.

"अवो," त्या म्हणाल्या, "सगळ्या लावल्या, मंग थे बोंडअळीची काहून नाई लावली?"

सर म्हणाले, "थे? थे भाषण हाय."

"कायचं भाषण? तुमचं वावर तं कधीच नव्हतं."

सरांच्या बापाची शेती नव्हती, आज्याचीही नव्हती. सगळं घराणं मास्तरकीतलं.

काकू म्हणाल्या, "म्या तवाच ओळखलं होतं. तुमी लिहून पेटीत ठेवली त्याच हप्त्यात."

"मंग पायलं नाई कावून?" सरांचा आवाज फाटला होता.

"पायलं असतं तं खेयलं काय असतं?" असं म्हणून त्या वळल्या. "चहा मांडू का?"

त्या दिवशी पहिल्यांदा सरांनी काही विचारलं नाही. चष्मा कपाळावर गेला, हात मागे गेले आणि ते तसेच उभे राहिले. आपला नवरा उत्तर विसरलाय हे काकूंनी कधी ओळखलं, मला माहीत नाही. मी कधी विचारलंही नाही.

कॅसेट मिळाली म्हणजे काम झालं असं नव्हे. फितीवर बुरशी. सरांनी तरुणपणी रेडिओ दुरुस्त केलेले. त्यांनी कॅसेट खोलून वीत-वीत फीत मऊ फडक्यानं पुसली, नव्या डबीत गुंडाळली. टेपमधला फीत वाचणारा भाग म्हणजे हेड, त्याच्याशी एक बारीक स्क्रू असतो, तो केसभर फिरवायचा, पुन्हा लावायचं, किर्रर्र ऐकायचं, लॅपटॉपवर जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला ते पाजायचं, अन् तो म्हणणार: चूक. पुन्हा केसभर. अकरा दिवस. डॉक्टरांनी आराम सांगितला होता, तो त्यांनी खुर्चीत बसून केला, असं त्यांचं म्हणणं.

बाराव्या दिवशी मला फोन आला, "ये." मी दुकानाला कुलूप ठोकून निघाले. वार रविवार नव्हता.

पडद्यावर सगळा प्रोग्राम होता. सरांनी एका ओळीवर बोट ठेवलं. गोल खोलीचं उत्तर होतं: दिवा विझव. त्या भिंतीत एक बारीक फट होती. हातात दिवा जळतोय तोवर ती दिसत नव्हती. दिवा विझवला की बाहेरच्या उन्हाची रेघ दिसणार.

"तवा मले लय अक्कल आल्यासारखं वाटलं होतं," सर म्हणाले. "दिव्यासाठी माणूस सतरा खोल्या हिंडते. थो कोण विझवीन?"

"सर, हे बदला. दुसरं काहीही ठेवा. मंत्र ठेवा, कळ ठेवा. त्या बाईला आता दिवा विझव म्हणायचं? जीभ कशी रेटेल?"

त्यांनाही ते टोचलं होतं, मी पाहत होते ना. मग म्हणाले, "कॅसेट तिच्या पलंगाखाली होती. तीस वर्षं तिनं हात नाई लावला. अन् आता म्या तिच्या मांगून दरवाजा हलवू?"

"पण सर..."

"नाई. खेय हाय थो. तसाच राईल. तोंड शिवून ठेवजो."

दिवा विझल्यानंतरची फटीची ओळ मी रेकॉर्ड केली. अगदी शेवटचा, भुयारातून बाहेर पडल्यावरचा कागद मात्र त्यांनी माझ्याकडून काढून घेतला. "हे माह्याजवळ राहू दे."

काकूंनी खेळायला सुरुवात केली ती अगदी पहिल्या खोलीपासून. अर्ध्या वाटा विसरल्या होत्या. वही वाचून दाखवू का म्हटलं, तर माझ्यावरच डाफरल्या. रोज सकाळी तासभर. माझा आवाज सांगायचा, "अंधार. ओल. दोन वाटा. आता काय करता?" काकूंची बोटं चालायची. शेजारी सर तोंडातून चकार शब्द न काढता बसायचे. त्या अडल्या की त्यांच्या मांडीवरची बोटं वळवळायची, पण बोलायचे नाहीत. सत्तावन्नाव्या खोलीपर्यंत त्या पोचल्या.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात सर गेले. सकाळी खुर्चीतच, चष्मा कपाळावर.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी रडले ती नुसती सर गेले म्हणून नाही. गोल खोलीचं उत्तर माहीत असलेलं जगात आता मी एकटीच उरले होते, अन् ते मला नको होतं.

तेरावं झालं. मी मनात ठरवलं, लॅपटॉप गुंडाळून ठेवावा, आता काय तो खेळ. तर रविवारी काकूंचाच फोन. "गाडी सुटून गेली का? येऊन नाई राह्यली?"

मी गेले. सरांच्या खुर्चीत बसायचा धीर होईना, तर काकू म्हणाल्या, "बस तठीच. पण त्याह्यच्यासारखंच बसजो. चूप." अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ, एकसष्ट. दिवाळीच्या आधी त्या गोल खोलीत शिरल्या. तीन रविवार गेले. भिंत ठोकली, छत पाहिलं, दोर फेकला. "काई झालं नाई," माझाच आवाज सांगत होता, आणि मला त्या बाईच्या, म्हणजे माझ्याच, थोबाडीत मारावीशी वाटत होती. एकदा शब्द अगदी ओठांवर आला. काकूंनी मान वळवली. "श्वास नको टाकू तसा. मले कळते." मी पदर तोंडात धरला.

चौथ्या रविवारी काकू कितीतरी वेळ कीबोर्डवर हात ठेवून नुसत्या बसल्या. मग टाइप करू लागल्या. पडद्यावर 'दिवा' आलं. मला वाटलं, आता 'वर धर', नाहीतर 'फिरव'. टाइपरायटरच्या जुळणीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागते. दिवा, मोकळी जागा, आणि नुसती एक पहिली वेलांटी उमटली. तीही 'फिरव'ची असू शकत होती. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. वेलांटीमागून 'व' आला. मग 'झ'. मग 'व'.

"दिवा विझला," माझा आवाज म्हणाला. "अंधार. भिंतीत उभी फट. फटीतून ऊन. आता काय करता?"

काकूंनी टाइप केलं: फटीतून जा.

मग लॅपटॉपमधून या घरच्याच कुकरची शिटी ऐकू आली, कुणीतरी खाकरलं, आणि सर बोलले. तीस वर्षांपूर्वी लिहिलेलं वाक्य, एक अक्षर न बदलता.

"अचलपूर. ऊन. शाबास. एवढा उशीर कावून झाला?"

"कॅसेट कोणं लपवली होती?" काकू लॅपटॉपवर खेकसल्या. गालावरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. मी तर हुंदके देत होते, लपवायचं कशाला.

रेकॉर्डिंग संपलं नव्हतं. सरांनी पुन्हा घसा साफ केला.

"मंग? आता काय करता?"

काकूंनी पाठ ताठ केली. चाचपून बोटं पहिल्या जागी आणून ठेवली, वर्गात ठेवायला लावायच्या तशी.

"पयल्यापासून लाव," त्या म्हणाल्या.